आरओ मशीन दीड वर्ष वापरल्यावर: आत किती, बाहेर किती आणि मोरीत किती

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एकतर बहुतेक मशीनच्या पोटात तेच ते सामान असतं, वरचं झाकण तेवढं वेगळं. आणि दुसरं म्हणजे माझी निम्मी तक्रार मशीनबद्दल नाहीचये, मशीनच्या भोवती जे चालतं त्याबद्दल आहे. तर मशीन भिंतीवर लावायचं, आरओ प्लस यूव्ही प्लस यूएफ (आरओ म्हणजे विरघळलेले क्षार अडवणारा पडदा, यूव्ही म्हणजे जंतू मारणारा दिवा, यूएफ म्हणजे बारीक गाळणी), आठ लिटरची टाकी, टीडीएस कंट्रोलर असलेलं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये), साडेसोळा हजाराला पडलं. दीड वर्ष झालं. पाचपैकी तीन स्टार. का ते खाली लिहिलंय, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी एमआयडीसीच्या कडेला, ७२ फ्लॅट. बिल्डर म्हणाला होता चोवीस तास पाणी, आणि खोटं नाही बोलला तो, चोवीस तास असतं पाणी, फक्त कुठलं असतं ते विचारायचं नाही. नळाचं येतं, बोअरचं चढवतात, आणि होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून टँकर. तिन्ही खालच्या टाकीत एक होतात आणि पंपाने वर. पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे आलात तर म्हणाल काय गोड पाणी आहे, आणि एप्रिलमध्ये आलात तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं कराल, इतकं मचूळ. सासूबाईंचं मोजमाप वेगळंच, त्या तुरीच्या डाळीवरून सांगतात. "आज टँकर आलाय वाटतं, पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येतीये." जड पाण्यात डाळ शिजत नाही हे त्यांना कुणी केमिस्ट्री शिकवून नाही कळलेलं, पण बरोबर आहे ते, कॅल्शियम जास्त असलं की डाळ आतून आवळून बसते.

त्यांचा उपाय म्हणजे तुरटी आणि माठ. तुरटीने गढूळपणा खाली बसतो हे खरंच आहे, पण विरघळलेले क्षार तुरटीला दाद देत नाहीत, आणि उकळून तर, थोडा चुना तळाला बसला तरी, बाकीचे उलट वाढतात कारण पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. हे मला पण मशीन घेताना वाचून कळलं, आधी मी पण उकळायचेच.

मग डेमोवाला आला. तुमच्याकडे पण येऊन गेला असेल. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं आरओचं. त्यात ती दोन-दोन सळयांची वायरवाली काडी बुडवली, प्लगमध्ये घातली, आणि अर्ध्या मिनिटात आमचा ग्लास आधी पिवळट, मग तपकिरी, मग वर हिरवट काळा फेस. त्याचा ग्लास स्वच्छ. "बघा मॅडम, हे तुमची मुलं पितायत." माझी मुलगी तिथंच उभी होती, ती म्हणाली ई, आणि आमच्या ह्यांनी तिथल्या तिथं कार्ड काढलं. मला पण खरंच घाबरायला झालं. कारण नणंद डोंबिवलीला राहते, तिच्याकडून ऐकलेलं डोक्यात असतंच. तिकडे २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ताच्या रस्ता गुलाबी झाला होता, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. तसलं काहीतरी आपल्या पाण्यात आहे आणि आपण ते वरणाला वापरतोय असं वाटलं.

नंतर कळलं की ती सगळी गंमत सळईची असते. एक सळई लोखंडाची, करंट गेला की तीच झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. करंट जायला पाण्यात क्षार लागतात. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून करंट जात नाही म्हणून रंग येत नाही, बस. चांगलं मिनरल असलेलं, शंभर टक्के पिण्यालायक पाणी पण तसंच काळं होईल. म्हणजे त्याने आमच्या पाण्यातली घाण दाखवलीच नाही, स्वतःच्या खिशातली सळई विरघळवून दाखवली. पण तोवर ऑर्डर गेलेली.

बरं मशीन लावायला आलेला मुलगा भला होता. त्याने टीडीएस मीटर बुडवला, आत येणारं पाणी ३००, बाहेर पडणारं २०. मला मीटरचं फार कौतुक वाटलं, मी पण एक मागवला ऑनलाइन, दोनशे-अडीचशेला मिळतो, आणि तेव्हापासून घरात जिथं पाणी दिसेल तिथं बुडवत सुटले. नळाचं एकट्याचं पकडलं तर १४०. बोअरचं ९५०. टँकर उभा असताना ड्रायव्हरकडून बाटलीभर मागून घेतलं तर थेट १३००. आणि टाकीत मिसळून घरात येणारं पावसाळ्यात २००-३००, एप्रिल-मे मध्ये ११००. म्हणजे माझं एकच मशीन वर्षभर चार वेगवेगळी पाणी गाळतंय.

आता हा मीटर काय मोजतो ते नीट समजून घ्या, इथंच सगळे फसतात. तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षाराचा अंदाज सांगतो. त्यात कुठला क्षार ते नाही. जंतू नाहीत. कीटकनाशक नाही. शिसं, क्रोमियम, आर्सेनिक लिटरला ०.०१ किंवा ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की धोका असतो, ते मीटरवर दिसायचा प्रश्नच नाही कारण मीटर पूर्ण एक-एकच्या आकड्यात बोलतो. आपल्या पिण्याच्या पाण्याचं जे सरकारी मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत छान आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे आमचं पावसाळ्यातलं पाणी क्षाराच्या हिशोबाने उत्तम होतं, आणि तेव्हाच मी साडेसोळा हजार मोजले.

मग उन्हाळ्यात मी शहाणपणा केला तो म्हणजे लॅब. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणवाल्यांची लॅब असते, प्रायव्हेट पण असतात, मी प्रायव्हेटला दिलं कारण घाई होती, चोवीसशे घेतले. रिपोर्ट येईपर्यंत मी मनातल्या मनात क्रोमियम, शिसं, काय काय ठरवून टाकलेलं. आलं काय तर धातू सगळे मर्यादेत. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, ६२०, मर्यादा ताणून ताणून ६००. आणि नायट्रेट ५८, मर्यादा ४५. आता नायट्रेट येतं कुठनं? मुख्य म्हणजे सांडपाण्यातून आणि शेतातल्या युरियातून. कंपन्यांच्या नावाने वर्षभर बोटं मोडली आणि सापडलं ते बहुतेक आमच्याच सगळ्यांच्या संडासाचं नि टँकरवाल्याच्या विहिरीशेजारच्या उसाचं. हसावं का रडावं. नायट्रेटला ना वास, ना रंग, ना चव. मोठ्यांना लगेच काही होत नाही पण बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला वाईट, रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही आणि बाळ निळसर पडतं. आमच्याच मजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे आणि त्याची आई पाणी वीस मिनिटं उकळून देत होती. उकळून नायट्रेट वाढतं. तिला रिपोर्टचा फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, रडायलाच लागली बिचारी, म्हटलं अगं तुला कसं माहिती असणार.

अर्थात कंपन्या सुटल्या असं मी म्हणत नाहीये हां. लॅबवाले तेवढंच शोधतात जेवढ्या नावांपुढे आपण टिक करतो आणि पैसे भरतो. सॉल्व्हंट, रंगाचे केमिकल असलं काही मी तपासायला दिलंच नव्हतं, त्याचे पैसे ऐकून गप्प बसले. आणि रंग नाही म्हणजे पाणी चांगलं असंही नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडीला केमिकल कारखान्यांमुळे विहिरीचं पाणी रंगीत झालं म्हणून निदान सगळ्यांना दिसलं तरी, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं की घाण करणाऱ्याने साफसफाईचा खर्च द्यायचा. आमच्या विहिरींचं पाणी तर काचेसारखं दिसतं, कोण कुठं जाणार.

तर मशीनचं कौतुक इथं करते. त्याच उन्हाळ्यात मशीनच्या नळाचं पाणी पण तपासलं. नायट्रेट ५८ चं ८. हार्डनेस ६२० चा ३०. हे साधं यूव्ही मशीन किंवा कँडलचा फिल्टर नाही करू शकत, यूव्ही फक्त जंतू मारतं आणि यूएफ जंतू आणि त्याहून मोठं ते अडवतं, विरघळलेलं सगळं दोघांमधून आरामात निघून जातं. मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या पडद्यातून, जवळजवळ फक्त पाणीच पुढे जातं. म्हणजे मार्च ते जूनमध्ये हे मशीन माझ्या घरात खरंच कामाचं आहे, त्यावर माझे तीन स्टार ठरलेत. डाळ तीन शिट्ट्यांत. चहावरची ती तेलकट साय गेली. सासूबाईंनी पण तुरटीची वडी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवून दिली, म्हणजे फेकली नाही, ठेवून दिली.

(आणि जाता जाता, हे आरओ पाण्याच्या कामाचं करून दाखवणाऱ्या दोघांपैकी एक आपलाच माणूस होता, श्रीनिवास सौरीराजन. अमेरिकेत सिडनी लोबबरोबर १९५९ च्या सुमारास त्यांनी समुद्राचं पाणी गोडं करायला चालेल असा पडदा बनवला. समुद्रासाठी निघालेली गोष्ट आपण १४० टीडीएसच्या नळाला लावून बसलोय.)

आता सर्व्हिस. इथं दोन स्टार गेले.

वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, साडेचार हजार. पहिल्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये सर्व्हिसचा मुलगा आला, वेगळा होता, मीटर काढला, मशीनच्या नळाखाली धरला आणि तोंड पाडलं. "मॅडम, ७५ आलाय. लावला तेव्हा २० होता ना? मेम्ब्रेन गेलं." अठ्ठावीसशे रुपये, मेम्ब्रेन एएमसीमध्ये बसत नाही म्हणे. मी हो म्हणणारच होते, बॅग उघडली होती त्याने. पण मी तेव्हा नवीन नवीन मीटरवाली, म्हटलं थांब, आत येणारं पण मोज. तो म्हणाला त्याची गरज नसते. मी मोजलं, ११००. आता बघा, लावलं तेव्हा ३०० चे २०, म्हणजे शंभरातले सात क्षार सुटले. आता ११०० चे ७५, तेही शंभरातले सातच. मेम्ब्रेन पहिल्या दिवशी जेवढं काम करत होतं तेवढंच करतंय, फक्त टँकर सुरू झालाय! त्याला कागदावर भागाकार करून दाखवला तर म्हणे मॅडम आम्हाला असंच शिकवलंय, बाहेरचा ५० च्या वर गेला की बदलायचं. त्याची चूक नाही म्हणा, पण विचार करा, दर उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या किती सोसायट्या असतील आणि किती धडधाकट मेम्ब्रेन भंगारात गेली असतील. बाहेरचा एकटा आकडा कुणी दाखवला तर ऐकूच नका. आतला विचारा.

टीडीएस कंट्रोलर ही आणखी एक गंमत. नाव भारी आहे, आहे काय तर एक छोटा स्क्रू. आरओमधून न गेलेलं थोडं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे चव येते. कंपनी त्याला मिनरल परत देणारी टेक्नॉलॉजी वगैरे म्हणते. जे काढायला पैसे दिले तेच थोडं परत घालतात, सरळ हिशोब. आमच्यासारख्या पाण्यात तो थोडासा उघडा असला तर आकाश कोसळत नाही, मी गणित केलं, ७५ चे १५० करायला सात-आठ टक्केच पाणी मिसळावं लागतं, नायट्रेट तरीही मर्यादेत. पण तो स्क्रू एकदा फिरवला की तिथंच राहतो, आत येणारं पाणी २५० वरून ११०० वर गेलं तरी त्याला काही कळत नाही. आणि ज्यांच्या बोअरला खरंच आर्सेनिक-क्रोमियम आहे त्यांनी तर तो पूर्ण बंदच करून घ्या, नाहीतर आरओ घेऊन अर्थ काय. मी बंद केलाय. पावसाळ्यात पाणी मग अगदीच बेचव लागतं, डिस्टिल्ड प्यायल्यासारखं, टीडीएस १२-१५. त्या चार महिन्यांत आरओ बायपास करून फक्त यूव्हीवर चालवायचं बटण हवं होतं, ते नाहीये, आणि अर्धा स्टार मी मनातून त्यासाठी कापलाय.

आता येते मोरीवर. डेमोमध्ये सगळं दाखवलं, एक पातळ काळी नळी सिंकमध्ये सोडली त्याबद्दल चकार शब्द नाही. एका रविवारी मी त्या नळीखाली बादली ठेवली. इकडे एक लिटर भरेपर्यंत तिकडे ३.२ लिटर. दोनदा मोजलं, तेवढंच. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून आमचं रोज पंधरा लिटर होतं, म्हणजे ४८ लिटर सरळ गटारात. आमच्या सोसायटीत निदान ५० घरांत आरओ आहे, ग्रुपवर हात वर करायला सांगितले होते. ५० गुणिले ४८, दिवसाला २४०० लिटर, महिन्याला ७२ हजार. आमचा टँकर दहा हजारचा. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला सात टँकर पैसे देऊन, गेटवर भांडून, वॉचमनला रात्री जागवून आत घ्यायचे आणि मोरीत सोडायचे. हा हिशोब सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर दोन अंगठे आले आणि एका काकांनी गुड मॉर्निंग पाठवलं.

माझं माहेर लातूरकडचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथं मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले होते. आईने तेव्हापासून भांडी विसळलेलं पाणी आजतागायत फेकलं नाहीये. ती इकडे राहायला आली आणि तिने ती काळी नळी बघितली, काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून नळीखाली तिची कळशी.

तर ते पाणी वापरतो आम्ही. पण कुठं वापरायचं यात पण शिकले. आधी कुंड्यांना घातलं, उन्हाळ्यात, कढीपत्त्याची पानं टोकाला करपली आणि मग झाडच गेलं. मीटर बुडवला तर १४२०, साहजिकच आहे, पंधरा लिटरमधला क्षार सगळा उरलेल्या अठ्ठेचाळीस लिटरवर येऊन बसणार. फरशीला वापरलं तर कामवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, पुसून वाळलं की पांढरं येतंय, परत साध्या पाण्याने मारायला लागतंय." शेवटी संडासाला आणि जिना धुवायला. पावसाळ्यात मात्र तेच पाणी ३००-४०० असतं तेव्हा झाडांना खुशाल घाला.

मग मला वाटलं की पाणी कमी फेकणारं करून घ्यावं. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला सोपंय, एफआर बदलतो. एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, त्या काळ्या नळीतला छोटा तुकडा, तो अरुंद केला की वाया कमी जातं. दीडशे रुपयांत १ ला ३.२ चं १ ला दीड झालं. मी खूश, ग्रुपवर परत मेसेज. पाच महिन्यांनी नळातून धार बारीक झाली, मग थेंब थेंब. उघडलं तर मेम्ब्रेनवर पांढरा चुन्यासारखा थर, या वेळेस खरंच गेलं होतं. वाया जाणारं पाणी कमी म्हणजे तेच क्षार कमी पाण्यात, १४०० चे १७८० झाले, त्यात आमचा हार्डनेस ६२०, थर बसणारच. अठ्ठावीसशे शेवटी गेलेच, फक्त माझ्या हाताने. आता कंपनीचाच एफआर परत लावलाय आणि आधी एक अँटीस्केलंटची, म्हणजे थर बसू न देणाऱ्या औषधाची, बाटली बसवलीय, बरं चाललंय.

त्यामुळे "आमच्या मशीनमध्ये ६० टक्के पाणी वाचतं" अशी जाहिरात दिसली तर विचारा, किती हार्डनेसवर? हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं की जिथं टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओवर बंदी घाला आणि बाकी ठिकाणी निदान ६० टक्के पाणी हाती लागलं पाहिजे. मग २०२३ ला नियमही निघाले. माझ्या मशीनचं हाती लागणारं पाणी २४ टक्के. आणि दुकानात मला कुणीही विचारलं नाही की ताई तुमच्या पाण्याचा टीडीएस किती.

जास्त पाणी वाचवायचं तर खरी यंत्रणा कशी असते ते तमिळनाडूत तिरुप्पूरला बघा. तिथं टी-शर्टचं कापड रंगवणाऱ्या युनिट्सनी नोय्यल नदीची इतकी वाट लावली की खालच्या ओरतुपाळयम धरणाचं पाणी आमच्याकडे सोडू नका म्हणून शेतकरीच भांडायला लागले. जगात कुठं शेतकरी पाणी नको म्हणतो? २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने युनिट्स बंद करायला लावली, एक थेंब बाहेर सोडायचा नाही म्हणाले. मग त्यांनी काय लावलं, तर आरओच, मोठ्ठे. पण मेम्ब्रेनने नाकारलेलं पाणी ते गटारात नाही सोडू शकत, आटवून आटवून शेवटी मिठाचा ढीग करावा लागतो, आणि तो ढीग कुठं टाकायचा हा परत प्रश्न. म्हणजे माझ्या सिंकमधली काळी नळी तिथं कारखान्याएवढी आहे, एवढाच फरक की त्यांना तिचं उत्तर द्यावं लागतं, मला नाही.

टँकरची विहीर पण बघून आले एकदा, कमिटीबरोबर, कारण रेट वाढवून मागत होते. चांगली मोठी विहीर, रस्त्याला लागून, दोन मोटारी, टँकरची रांग. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सकाळी कंपन्यांना जातं, दुपारनंतर सोसायट्यांना." मालकांनी चहा दिला. भला माणूस, वडिलांच्या काळात या विहिरीवर ज्वारी-हरभरा व्हायचा, आता पाण्याला पिकापेक्षा भाव आहे म्हणाला. ओट्यावर दोन वीस-वीस लिटरचे जार होते, चहा त्याच पाण्याचा. मी विचारलं विहिरीचं नाही पीत का? म्हणाला, "वहिनी, पाच-सहा वर्षं झाली, गुडघे धरायला लागले सगळ्यांचे." गुडघे त्यामुळे का कशामुळे देव जाणे, पण तो पीत नाही आणि आम्ही विकत घेतो, ते पण रांगेत उभं राहून.

तर मशीन घ्यावं का? विचारतातच सगळे. आधी मीटर घ्या, वर्षातून निदान दोनदा मोजा, पावसाळ्यात आणि मे मध्ये. नळाचं पालिकेचं पाणी असेल आणि बाराही महिने ५०० च्या आत असेल तर आरओ नकोच, यूव्ही पुरे, पाणी पण वाया जात नाही आणि निम्म्या पैशात होतं. बोअर किंवा टँकर असेल तर आधी लॅब, मग मशीन. आरओ घेतलाच तर बायपासचं बटण असलेलं शोधा, मेम्ब्रेन एएमसीमध्ये आहे का ते लिहून घ्या, गाळ अडवणारा स्पन फिल्टर आमच्या पाण्यात तीन-चार महिन्यांत तांबडा होतो तो स्वतः बदलायला शिका (शंभर रुपये, एक पान्हा, दहा मिनिटं), आणि कुठलाही पार्ट बदलला की जुना तुमच्याकडे ठेवून घ्या. कार्बनचा फिल्टर मात्र लांबवू नका, नळातलं क्लोरीन तो अडवतो, तो संपला की क्लोरीन मेम्ब्रेन खातं. आणि हो, कार्बन वासाच्या केमिकलचं पण थोडं काम करतो, आरओमधून काही छोटी सॉल्व्हंट निघून जातात, त्यामुळे आरओ म्हणजे सगळं गेलं असं समजून निर्धास्त नका राहू.

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले, नवीन लग्न झालेलं जोडपं, आणि रविवारी त्यांच्याकडे तोच डेमोवाला. दार उघडं होतं, आवाज आला, "बघा मॅडम, हे तुम्ही पिताय." मी घरातून मिठाचा डबा घेऊन गेले. म्हटलं दादा, तुमच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकते, जेवणात घालतो तेच, आणि आता लावा तुमची काडी. तो नको नको म्हणत होता पण त्या पोरीनेच प्लग लावला. अर्ध्या मिनिटात त्याचा ग्लास आमच्या ग्लासापेक्षा काळा.